साहेबांच्या जबाबदारीवर

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज कारखान्यात हौसेराव मेला. दिवसाचं पार वाटोळं झालं.

तीन नंबरची टाकी धुवायची होती. तळाला गाळ बसतो, तो माणूस आत उतरून खरवडावा लागतो. नियम असा की आधी मीटर सोडून आतली हवा तपासायची आणि मगच माणूस उतरवायचा. मीटर दिवाळीपासून दुरुस्तीला गेलाय. मी सकाळी साहेबांना व्हॉट्सअॅपवर बोलून निरोप पाठवला, की मीटर नाही, आज माणूस उतरवणं बरोबर नाही, काम उद्यावर ढकलू. साहेबांचं उत्तर लगेच आलं. "बाबासो, मीटरची वाट बघायची न्हाई. टँकर गेटवर उभा हाय. हौसेरावाला उतरव. माझ्या जबाबदारीवर."

मालक स्वतःच्या तोंडानं असं म्हणतोय म्हटल्यावर सुपरवायझरनं काय अडून बसायचं? उतरवला.

हौसेराव कामाला वाघ, पण तोंडानं फटकळ. शिडीवरून खाली जाता जाता म्हणाला, "वास लई घान येतोय." मी म्हटलं, "अत्तराचा कारखाना न्हाई हा. उतर गुमान." नंतर हाका मारल्या, तर ओ नाही. दोरानं वर ओढला तेव्हा ओठ निळे पडले होते. दोर धरून उभा असलेला गडी रडायला लागला, त्याला मी दोन ठेवून दिल्या. अशा वेळी रडणारी माणसं डोक्यात जातात.

घरी आल्यावर सत्यभामाला साहेबांचा तो निरोप ऐकवला. म्हटलं, ऐक, किती मोठ्या मनाचा माणूस, सरळ म्हणतो माझ्या जबाबदारीवर. ती भाजी चिरत होती, ती थांबली. म्हणाली, "हे नीट जपून ठेवा." जपून ठेवा म्हणे! साहेबांचे असे कितीतरी निरोप माझ्याकडे आहेत.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पोलीस आले. वैदेही मॅडम म्हणून फौजदार बाई आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या. माझा फोन पंचनामा करून पाकिटात घातला आणि लाखेनं बंद केला. पासवर्ड विचारला. म्हटलं, गडबडीत आठवत नाही. बाई म्हणाल्या, आठवेल तेव्हा बोलावू.

साहेबांचा फोन नेमका कालच संध्याकाळी वाशीच्या खाडीपुलावर गाडीची काच खाली करताना पडला. संकटं आली की एकामागून एक येतात बिचाऱ्यांवर.

हॉस्पिटलबाहेर हौसेरावाची बायको बसली होती, पुतळा तिचं नाव. दिघ्याची चाळच्या चाळ सोबत घेऊन आलेली. मला बघून उठली आणि सदऱ्याला धरलं. "कुनी उतरवलं त्यास्नी? तेवढं सांगा. मला भांडायचं न्हाई, नुसतं सांगा." एवढ्या लोकांत सदऱ्याला हात घालते! मी म्हटलं, "तुझा नवरा सकाळी पिऊन आला होता. कुणी उतरवलं नाही, स्वतःच्या मस्तीत उतरला." हात आपोआप सुटला. खाली बसली आणि पदर तोंडात कोंबला.

हौसेराव माळकरी होता, चहासुद्धा घ्यायचा नाही. पण तिथे दुसरं काही सुचलं नाही, आणि तिला गप्प करणं भाग होतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

साहेबांनी ऐरोलीच्या बंगल्यावर बोलावलं. कारखान्यातला माणूस म्हणून नाही, गावचा माणूस म्हणून. साहेबांनी गावातली पन्नास घरं या रबाळ्याच्या कारखान्यांवर जगवली, त्यातलं पहिलं माझं. आल्या आल्या मला खुर्ची दिली, शेजारी बसवलं. त्यांचा पुतण्या कुलदीप पितळेची थाळी घेऊन उभा होता. थाळीत बेलाचं पान आणि पालच्या खंडोबाचा भंडारा.

साहेब म्हणाले, "बाबासो, कागदावर माझा इश्वास न्हाई. आपल्यात बेलभंडारा उचलला की संपलं."

मी उचलला. मुठीत भंडारा धरून म्हटलं, या प्रकरणात साहेबांचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही, आणि माझ्याकडून साहेबांपर्यंत कुठली वाट जाऊ देणार नाही. त्यातलं शेवटचं वाक्य कुलदीपनं सांगितलं तसं म्हटलं. भंडारा कपाळाला लावला. अंगावर काटा आला. आमच्या घराण्यात भंडारा उचलून कुणी फिरलेला नाही. आमच्या चुलत आज्यानं भंडारा उचलून बैल सोडून दिला होता, पण शब्द सोडला नाही.

साहेब म्हणाले, "माझाबी शब्द हाय. तुला एक दिवस आत जाऊ देनार न्हाई." मी थाळी पुढे केली. त्यांनी हात मागे घेतले. म्हणाले, "मला सुतक हाय रे. चुलत्यातलं. न्हाईतर दोन्ही हातांनी उचलला असता." डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. सुतकात भंडाऱ्याला शिवायचं नाही हे कोणाला सांगायला हवं? तरी बघा, एवढ्या दुःखातही माझ्यासाठी वेळ काढला.

घरी सांगितलं तर सत्यभामानं विचारलं, "कोन वारलं?" बायकांना नको तिथे चौकशा.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सत्यभामानं गावी जावेला फोन लावला. म्हणते, साहेबांच्या भावकीत कुणी वारलेलं नाही. मी म्हटलं, "भावकी कुठवर पसरलीय हे तुला काय माहीत? तू माहेरची कराडची." ताट सरकवून उठलो. चांगलं भरलं वांगं होतं, उपाशी राहिलो.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चंपाषष्ठी. घरी तळी भरली. दोघांनीच "येळकोट येळकोट" म्हटलं, आवाजच भरेना.

कुलदीपनं फोनवर स्टेटस ठेवलं होतं, ते सत्यभामानं तिच्या फोनवर दाखवलं. साहेब बंगल्यात तळी उचलतायत, कपाळ भंडाऱ्यानं पिवळंजर्द, मागे पाहुणे. तिनं नुसता फोन माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, सुतक फिटलं असेल. तीन दिवसांचं, पाच दिवसांचं, लांबचं असलं की लवकर फिटतं. मोठ्या घरात भटजीला विचारूनच सगळं करतात.

ती म्हणाली, "शनिवारी होतं, बुधवारी फिटलं. मग आता उचला म्हनावं तुमच्यासमोर."

माझा हात उठला होता. सण होता म्हणून खाली घेतला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मॅडमचं समन्स आलं. सोमवारी चौकशी. "फोन उघडण्यासाठी स्वतः हजर राहावे."

मी तोंड बंद ठेवीन, पण फोन कसा ठेवेल? त्यात साहेबांचा आवाज आहे. "हौसेरावाला उतरव." तो आवाज मॅडमच्या कानावर पडला की माझ्याकडून साहेबांपर्यंत वाट गेली. शपथ मोडली ती मोडलीच, मग ती तोंडानं मोडो की फोननं.

सत्यभामाच्या फोनवरून कुलदीपला फोन केला. तो म्हणाला, "काका, टेन्शन नको घेऊ. उद्या येतो, शिकवतो."

२९ नोव्हेंबर, शनिवार

कुलदीप त्याच कंपनीचा फोन घेऊन आला. कुठे दाबायचं, मग कुठे, मग पासवर्ड, मग "सगळं पुसा". पाच-सहा वेळा करून घेतलं. पोरगं हुशार आहे. म्हणाला, "ते म्हणतील फोन उघड. तू उघडायचं, उघडता उघडता करायचं. नंतर बोट लागलं म्हणायचं. काय फाशी देतायत का?" मी विचारलं, साहेबांना हे ठाऊक आहे? तो म्हणाला, "साहेब असल्या गोष्टीत पडत नाहीत, काका." बरोबर आहे. एवढ्या मोठ्या माणसानं कशाकशात लक्ष घालायचं?

सत्यभामा सकाळी गेली ती जेवणवेळ टळून गेल्यावर आली. कुठे होतीस, तर म्हणे देवळात. हातात प्रसाद नाही, पायात चिखल, डोळे सुजलेले. मी म्हटलं, "कुठल्या देवळात एवढं रडवतात?" शिळी भाकरी खाऊन झोपली. घरात मरण माझ्या डोक्यावर आणि ही देवळं फिरतेय.

१ डिसेंबर, सोमवार

जमलं! आज स्वतःचाच हेवा वाटतोय.

चौकीतल्या मागच्या खोलीत बसवलं. टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात जप्तीच्या मोटारसायकलींचे आरसे. दारात एक हवालदार. मॅडमनी स्वतः चहा मागवला. आवाज मऊ.

"टाकीत माणूस उतरवायला कुणी सांगितलं?"

"आठवत नाही."

"हवा तपासली नव्हती, हे तुम्हाला माहीत होतं?"

"आठवत नाही."

"तुम्ही कुणाला तसं कळवलं होतं का? नीट आठवा. कळवलं असेल तर तुमच्यासाठी बरं आहे."

मी चहाचा घोट घेतला. किती गोड बोलून काढून घ्यायला बघतात! बाईंनी लाख फोडली, पाकिटातून फोन काढला, चार्जर लावला आणि चक्क माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "तुम्हीच उघडा, बाबासो. आणि त्यात मला काही ऐकवावं असं तुम्हाला वाटत असेल, तर आत्ता ऐकवा. स्वतःहून ऐकवलंत तर फरक पडतो. मी थांबते." आणि मान वळवून खिडकीकडे बघत बसल्या.

या बाईला फौजदार कुणी केलं? संशयिताच्या हातात फोन देते आणि स्वतः रस्त्यावरच्या रिक्षा मोजते. मी उघडला. साहेबांचा निरोप सगळ्यात वर होता. त्यावर बोट नेलंच नाही. कुलदीपनं शिकवलं तसं दाबत गेलो. एकदाही चुकलं नाही. पडदा काळा झाला, मग पांढरा. मग नव्या कोऱ्या फोनसारखं "स्वागत आहे" असं आलं.

बाईंनी वळून बघितलं. "काय केलंत हे?"

"बोट लागलं."

हवालदार धावला, फोन हिसकावला. बाई उठल्यासुद्धा नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. चेहरा असा, जणू त्यांच्याच घरातलं कुणी गेलंय. म्हणाल्या, "बाबासो, तुम्ही कुणाचा पुरावा पुसलात, कळतंय का तुम्हाला?"

मी म्हटलं, "माझा फोन होता."

मग समोरचा चहावाला आणि झेरॉक्सवाला पंच म्हणून बोलावले, कागद रंगवले, आणखी एक कलम लागलं. लागू दे. वाट बंद केली मी. येताना तळवलीच्या देवळात नारळ फोडला. सत्यभामाला सांगितलं तर ती भिंतीला टेकून खालीच बसली. "सगळं पुसलं? तेबी? साहेबांचा आवाजबी?" म्हटलं, तोच तर पुसायचा होता. ती कपाळ बडवायला लागली. घरात एक पराक्रम सांगायची सोय नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

कुलदीप फोन उचलत नाही. कामात असेल.

९ डिसेंबर, मंगळवार

लॅबमधून आलं, फोनमध्ये काहीही शिल्लक नाही. मनात म्हटलं, शाब्बास.

पण आज कारखान्याच्या वकिलांनी सांगितलं की कलम बदललंय. आधी निष्काळजीपणाचं होतं, आता सदोष मनुष्यवध. आरोपी एकच, मी. पोलिसांचं म्हणणं, या माणसानं चौकशी चालू असताना डोळ्यांदेखत पुरावा नष्ट केला, म्हणजे लपवण्यासारखं ह्याच्याकडेच होतं. अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाकलाय. वकील म्हणाले, "साहेबांनी सांगितलंय, तुम्ही काळजी करू नका." हे ऐकलं आणि पहिल्यांदा पोटभर जेवलो.

कारखान्याच्या गेटवर मात्र वॉचमननं आत सोडलं नाही. वरून ऑर्डर आहे म्हणे. पोलिसांना दाखवायला असं करावंच लागतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

जामीन फेटाळला. सोमवारी हजर व्हायचं.

जज म्हणाले, ज्या माणसाच्या हातात विश्वासानं फोन दिला, त्यानं तो तिथल्या तिथे पुसला. बाहेर ठेवला तर साक्षीदारांचं काय करेल? हौसेरावाची पुतळा मागच्या बाकावर होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती.

सरकारी वकिलानं साहेबांचा जबाब वाचून दाखवला. "हवा तपासल्याशिवाय कोणासही टाकीत उतरवू नये, असे मी वारंवार बजावले होते. बाबासो यांनी माझ्या सूचनेविरुद्ध, माझ्या अपरोक्ष कामगारास उतरवले. त्यांनी फोन का पुसला हे मी सांगू शकत नाही. मयत दारूच्या अमलाखाली होता असेही त्यांनीच सर्वांस सांगितले."

बाहेर येऊन वकिलांना विचारलं, हे काय? ते घड्याळ बघत म्हणाले, "ही लाइन आहे. मोठा माणूस बाहेर राहिला तर तुमच्यासाठी काहीतरी करेल." मग गाडीत बसले. साहेबांची गाडी होती ती.

बंगल्यावर गेलो. वॉचमन म्हणाला, साहेब फॅमिलीसकट गावाकडे गेले, पालच्या यात्रेची तयारी.

मला राग आलाय. हे लिहायला नको, पण आलाय. मी साहेबांसाठी बायकोवर हात उगारला. "अपरोक्ष" म्हणे.

२० डिसेंबर, शनिवार

आज मी भंडारा मोडला.

सकाळी उठून सरळ वैदेही मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मीटर, माझा निरोप, साहेबांचं उत्तर शब्दन् शब्द. साहेबांचं नावही घेतलं. मॅडमनी पूर्ण ऐकलं.

"खरं असेल," त्या म्हणाल्या. "मला तेव्हापासून हेच वाटतंय. पण आता दाखवणार काय? त्यांचा फोन खाडीत, तुमचा कोरा."

मी म्हटलं, माझी रोजची वही आहे, त्यात लिहिलंय. त्या म्हणाल्या, "स्वतः घरी बसून लिहिलेलं कुणीही लिहील." मी म्हटलं, भंडारा उचलून सांगतो. हवालदार हसला. त्याला मॅडमनी बाहेर घालवला.

मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी फोन तुमच्या हातात का दिला असेन? मी काय वेडी आहे? तुमच्या मिसेस आल्या होत्या माझ्याकडे, आदल्या शनिवारी. सकाळपासून बाकड्यावर बसून होत्या. म्हणाल्या, त्या फोनमध्ये मालकाचा आवाज आहे, माझ्या नवऱ्यानं नको म्हणून कळवलं होतं. पासवर्ड त्यांना माहीत नव्हता. माझ्या पाया पडल्या. म्हणाल्या, तो माणूस तोंडाचा वाईट आहे, पण त्याला स्वतःहून सांगायची एक संधी द्या. मी ती दिली. त्यापायी माझीसुद्धा खात्याची चौकशी लागलीय."

म्हणजे घरभेदी माझ्याच घरात होती! मी देवळात गेली समजत होतो.

घरी येऊन विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं चौकीत जायला?" सत्यभामा म्हणाली, "कुनी न्हाई." एवढंच. मी बरंच बोललो. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी दारापाशी दोन पिशव्या दिसल्या. एकीत माझे दोन सदरे, टॉवेल, बीपीच्या गोळ्या. दुसरीत तिची लुगडी. दोन पिशव्या बघून बरं वाटलं. म्हटलं, काही झालं तरी बायको आहे, उद्या सोबत येतेय.

"मी दिघ्याला चाललेय," ती म्हणाली. "पुतळाकडं. तिला सोबत न्हाई."

मी म्हटलं, "आणि मला? तिच्या नवऱ्याला मी मारलं नाही! तुला तर ठाऊक आहे. तू स्वतः ऐकलंस."

"मला ठाऊक हाय. पण आता ते नुसतं मलाच ठाऊक हाय." चप्पल घालता घालता म्हणाली, "तिला तुमी सांगितलंत, नवरा पिऊन मेला. निदान तेवढं तरी खोटं हाय, हे सांगायला जातेय."

गेली. रिक्षा स्टँडपर्यंत पिशवी स्वतःच उचलून नेली, खिडकीतून दिसत होती. मागे वळली नाही. शेजाऱ्याच्या फोनवरून पुण्याला मुलीला फोन केला तर ती म्हणाली, आईनं सांगितलंय, आणि ठेवून दिला. चहा करायला गेलो तर साखर कुठे ठेवते तेच सापडेना. बिनसाखरेचा प्यायलो आणि रडलो. एकटाच होतो म्हणून लिहितोय.

दुपारभर विचार केला आणि सगळा उलगडा झाला. काल भंडारा मोडला आणि आज घर मोडलं. एक दिवससुद्धा मधे गेला नाही. देव बघत असतो ते असं. महिनाभर शपथ पाळली तोवर सत्यभामा घरात होती, रडत का होईना, भाकरी करत होती. तोंड उघडलं आणि गेली. रागाच्या भरात चूक झाली. साहेबांनी जबाबात काय लिहिलं ते त्यांचं त्यांच्यापाशी. शपथ मी उचलली होती, त्यांनी नाही.

उद्या हजर झालो की पहिलं तेच करणार. मॅडमना सांगणार, शनिवारी बोललो ते सगळं खोटं. साहेबांचा काही संबंध नाही, माणूस मीच उतरवला. तसं लिहून घ्या म्हणणार, सही करणार. शपथ एकदा सांधली गेली की येईल सत्यभामा परत. जातेय कुठे.